मुकीं जनावरें, घरचे छंद आणि शेजारधर्म

(ज्युबिलीनिमित्त तिवसा येथें भरलेल्या कुटुंबमेळाव्यांत झालेल्या भाषणाचा मजकूर)



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आपल्यापुढें चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली, तेव्हां विषय कोणता घ्यावा हा विचार साहजिकच मनांत आला. धर्मग्रामाचा इतिहास सांगणारे व जुन्या मिशनऱ्यांच्या श्रमांचें स्मरण करून देणारे वक्ते या व्यासपीठावर आमच्याहून अधिक अधिकारी आहेत. म्हणून आम्हीं अगदीं साधा, घरगुती विषय निवडला आहे. घरोघरीं पाळलेलीं जनावरें, घरच्या माणसांनीं मिळून जोपासलेले छंद, आणि मोबदल्याची अपेक्षा न धरतां केलेली गांवची सेवा, या तीन गोष्टींविषयीं आम्ही बोलणार आहों.

कोणी म्हणेल, ज्युबिलीसारख्या गंभीर प्रसंगीं कुत्र्यामांजरांची गोष्ट कशाला? आमचें उत्तर असें कीं, ज्युबिली हा शब्दच मुळीं जनावरापासून आला आहे. इब्री भाषेंत मेंढ्याला व त्याच्या शिंगाला योबेल म्हणत. तें शिंग फुंकून पन्नासाव्या वर्षाची द्वाही फिरवीत, आणि त्यावरून त्या वर्षाला हें नांव पडलें. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायांत त्या वर्षाचे नियम दिले आहेत. हातची गेलेली जमीन मूळ घराण्याकडे परत जावी, आणि कर्जापायीं दास झालेला बंधु मोकळा व्हावा, हें त्यांतील मुख्य. परंतु त्याच अध्यायाच्या आरंभीं दर सातव्या वर्षाच्या विसाव्याचा नियम आहे, तिकडे आपलें लक्ष क्वचित् जातें. त्या वर्षीं पडीत शेतांत आपोआप जें उगवेल, तें कोणीं खावें याची तेथें यादीच आहे. त्या यादींत धनी आहे, दास आहे, मजूर आहे, परदेशीय आहे. आणि शेवटीं घरचें जनावर व रानांतला पशु हे दोघेही आहेत. देवाच्या विसाव्यांत ज्यांचा वांटा आहे, त्यांना आपल्या ज्युबिलीच्या पंगतींतून कसें वगळावें?

आपल्या वऱ्हाडांत जनावर पाळणें हा कधीं शौक नव्हता. तो संसाराचाच भाग होता. कोठ्यांत बैलजोडी, दारीं एखादी गाय किंवा म्हैस, परसांत चार कोंबड्या व एक बकरी, उंबऱ्यावर कुत्रा आणि चुलीजवळ मांजर, असें घर भरलेलें असे. कापूस, ज्वारी व तूर यांची सारी शेती बैलाच्या खांद्यावर चाले. म्हणूनच श्रावणी अमावास्येच्या पोळ्याला येथें एवढें महत्त्व आलें. आदल्या दिवशीं हळद व तूप लावून बैलांचे खांदे शेकावयाचे, त्यांस दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचें आमंत्रण द्यावयाचें, आणि दुसऱ्या दिवशीं त्यांच्या मानेवर जूं ठेवावयाचें नाहीं, हा शेतकऱ्याचा रिवाज आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीं तान्हा पोळा येतो, आणि लहान मुलें लांकडी बैल सजवून घरोघर नेतात. हा सण आपल्या शेजाऱ्यांचा असला, तरी त्यांतला भाव आपणांस परका नाहीं. ज्यानें वर्षभर ओझें वाहिलें, त्याच्यापुढें निदान एक दिवस धन्यानें वांकावें, हा भाव कोणत्याही ख्रिस्ती माणसानें आदरानें पाहण्याजोगा आहे.

आतां काळ पालटला आहे. ट्रॅक्टर आले, कोठे ओस पडूं लागले, आणि ज्या घरांत पूर्वीं दहा जनावरें असत, तेथें आज एखादें कुत्रें, एखादें मांजर किंवा पिंजऱ्यांतला पोपट उरला आहे. पूर्वींचें जनावर कामाचें होतें. आतांचें सोबतीचें आहे. म्हणून त्याच्याशीं कसें वागावें हा प्रश्न नव्यानें विचारावा लागतो. याचें उत्तर शोधतांना आपण प्रथम पवित्र शास्त्राकडे वळूं.

डवरणीच्या वेळीं बैलानें उभें पीक खाऊं नये म्हणून त्याच्या तोंडाला मुसकें बांधतात, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु मळणी करणाऱ्या बैलाला मुसकें बांधूं नये, असा मोशेच्या नियमशास्त्रांत स्पष्ट हुकूम आहे. ज्याच्या खुरांखालून दाणा निघतो, त्याला त्या दाण्यांतला वांटा मिळावा, हा त्याचा आशय. पुढें संत पौलानें सुवार्तेच्या सेवकांचा हक्क सांगतांना याच नियमाचा आधार घेतला. म्हणजे बैलाच्या न्यायावरून माणसाचा न्याय ठरविला. दुसरा एक नियम निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायांत आहे. आपला द्वेष करणाऱ्या माणसाचें गाढव ओझ्याखालीं पडलेलें दिसलें, तर तसेंच पुढें जाऊं नये. थांबून त्याला उठवावें. या नियमांतील शहाणपण पहा. धुऱ्यावरून ज्यांचें भांडण झालें आहे, कोर्टांत ज्यांचे दावे चालले आहेत, असे दोन शेतकरी एका मुक्या जनावराच्या निमित्तानें एकाच ओझ्याला हात लावतात. गाढव तर उठतेंच, परंतु त्याच्याबरोबर पडलेला शेजारधर्मही उठतो. आपल्या प्रभूनेंही शब्बाथाच्या वादांत हाच दाखला दिला. बैलाला सोडून पाण्यावर नेण्यास तुम्हांस विसाव्याचा दिवस आड येत नाहीं, मग आजाऱ्याला बरें करण्यास कां आड यावा, असें त्यानें विचारलें. जनावराला पाणी पाजणें हें त्याच्या दृष्टीनें इतकें उघड कर्तव्य होतें कीं, त्यावरून त्यानें मोठें कर्तव्य सिद्ध करून दाखविलें.

परंतु आमच्या तिन्ही विषयांचा मेळ जेथें एकाच घरांत बसतो, असें पवित्र शास्त्रांतील पुस्तक म्हणजे तोबीताचें पुस्तक होय. आपल्या कॅथॉलिक पवित्र शास्त्रांत तें आहे, तरी घरोघरीं तें वाचलें जातें असें दिसत नाहीं. म्हणून त्यांतील हकीकत थोडक्यांत सांगतों.

तोबीत हा निनवे नगरांत परागंदा होऊन राहिलेला एक इस्राएली गृहस्थ. भुकेल्यांना अन्न द्यावें, उघड्यांना वस्त्र द्यावें, आणि राजाच्या क्रोधाला बळी पडून वेशीबाहेर टाकलेल्या बांधवांचीं प्रेतें पुरावीं, हा त्याचा नेम. या कामाचा त्याला पगार नव्हता. उलट त्यापायीं त्याची मालमत्ता जप्त झाली आणि जीव घेऊन पळावें लागलें. पुढें घरीं परत आल्यावर सणाच्या दिवशीं तो जेवावयास बसला, तेव्हां एकट्यानें जेवणें त्याला रुचलें नाहीं. आपल्या तोबिया नांवाच्या मुलाला त्यानें सांगितलें कीं, बाहेर जा आणि आपल्या लोकांपैकीं कोणी गरीब भेटल्यास पंगतीला घेऊन ये. मुलगा परत आला तो निराळीच बातमी घेऊन. बाजारांत एका बांधवाचा खून होऊन प्रेत पडलें होतें. तोबीत वाढलेल्या पानावरून उठला, प्रेत उचलून आणलें, आणि सूर्यास्तानंतर खड्डा खणून त्याची मूठमाती केली. शेजारी हंसले. या कामापायीं एकदां जीवावर बेतलें होतें, तरी याला शहाणपण आलें नाहीं, असें तें हंसणें होतें. गांवांत निरपेक्ष काम करणाऱ्या माणसाला हें हंसणें आजही ऐकावें लागतें.

त्याच रात्रीं तो अंगणांतल्या भिंतीशीं निजला असतां चिमण्यांची विष्ठा त्याच्या डोळ्यांत पडली आणि पुढें त्याची दृष्टि गेली. घर चालविण्याचा भार त्याची पत्नी हन्ना हिच्यावर पडला. ती विणकाम करून मजुरी मिळवूं लागली. एके दिवशीं तिच्या कामावर खूष होऊन धन्यानें मजुरीवर एक करडूं बक्षीस दिलें. करडूं घरीं येऊन ओरडूं लागलें, तेव्हां आंधळ्या तोबीताला संशय आला. हें चोरीचें तर नाहीं ना, जिचें असेल तिला परत दे, असें तो म्हणूं लागला. बायको सांगते आहे कीं बक्षीस मिळालें, तरी त्याचा विश्वास बसेना. तेव्हां त्या कष्टाळू बाईनें त्याला विचारलें कीं, तुमचा तो दानधर्म आतां कोठें गेला? बंधुभगिनींनो, सर्व जगाची सेवा करणारा हा सत्पुरुष घरच्या माणसावर मात्र विश्वास ठेवूं शकला नाहीं, आणि त्याची परीक्षा एका करडाच्या ओरडण्यानें झाली. पवित्र शास्त्रानें हें लपवून ठेवलें नाहीं, याबद्दल आपण कृतज्ञ असावें.

पुढें तोबिया दूरच्या देशीं ठेवलेली रक्कम आणावयास निघाला. बरोबर मनुष्यरूपानें राफाएल दूत होता, आणि घरचा कुत्राही त्यांच्याबरोबर निघाला. परत येतांनाही तो त्यांच्यामागून चालत होता. त्या कुत्र्यानें कांहीं पराक्रम केल्याचें लिहिलेलें नाहीं. तो नुसता बरोबर गेला आणि बरोबर परत आला. सोबत या शब्दाचा अर्थ यापेक्षां अधिक सोपा करून कोणी सांगूं शकेल असें आम्हांस वाटत नाहीं.

या कथेवरून आम्हांस जें सांगावयाचें आहे तें असें. घराच्या दाराला दोन तोंडें असतात. घरांत शिकलेली माया त्या दारांतून बाहेर गेली पाहिजे, आणि बाहेर केलेली सेवा त्याच दारांतून घरांत परत आली पाहिजे. जो आपल्या कुत्र्याला दूध पाजतो आणि शेजारच्या उपाशी म्हातारीची विचारपूस करीत नाहीं, त्याची माया घरांतच कोंडून आंबते. जो गांवभर सेवा करीत हिंडतो आणि घरीं बायकोमुलांवर डाफरतो, त्याच्या सेवेचा घरच्यांना उपयोग काय? मुकें जनावर या दोहोंच्या मध्यें उंबऱ्यावर बसलेलें आहे. ज्याच्याकडून आभाराचा शब्द यावयाचा नाहीं, त्याची सेवा करण्याचा पहिला धडा मूल त्याच्याकडूनच शिकतें.

पवित्र सभेच्या संतांमध्यें हें दाराचें दोन्ही तोंडांनीं उघडणें ज्यांनीं विशेष साधलें, त्यांत संत मार्टिन दे पोरेस यांचें नांव घेतलें पाहिजे. सन १५७९ मध्यें पेरू देशांतील लिमा शहरीं त्यांचा जन्म झाला. वडील स्पॅनिश सरदार व आई आफ्रिकन वंशाची मुक्त झालेली दासी, म्हणून समाजांत त्यांना मान नव्हता. डोमिनिकन मठांत त्यांनीं झाडलोट केली, रुग्णांची शुश्रूषा केली, अनाथ मुलांसाठीं आश्रय उभा केला. आणि आजारी कुत्र्यामांजरांनाही त्यांनीं तीच माया लावली. त्या जनावरांना त्यांनीं आपल्या बहिणीच्या घरीं ठेवण्याची सोय केली होती, असें सांगतात. सन १६३९ मध्यें ते निवर्तले आणि सन १९६२ मध्यें पोप तेविसावे जॉन यांनीं त्यांस संतपद दिलें. त्यांच्या चित्रांत हातीं झाडू व पायांपाशीं एका थाळींत खाणारे कुत्रा, मांजर आणि उंदीर दाखविण्याची चाल आहे.

झाडू म्हटला कीं वऱ्हाडच्या माणसाला दुसरें एक नांव आठवल्याशिवाय राहत नाहीं. सन १८७६ मध्यें याच अमरावती जिल्ह्यांत शेंडगांवीं जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनाला जात, तेथें आधीं हातीं खराटा घेऊन गांव झाडीत आणि मग बोलावयास उभे राहत. देवाच्या नांवावर मुक्या प्राण्याचा बळी देऊं नका, हें त्यांच्या उपदेशांतलें एक मुख्य कलम होतें. आणि आपल्या तिवसा तालुक्यांतलेंच मोझरी पहा. तेथें सन १९३५ मध्यें तुकडोजी महाराजांनीं गुरुकुंज आश्रम स्थापिला, आणि सामुदायिक प्रार्थना व ग्रामसफाई यांची जोड घालून दिली. प्रार्थनेला बसलेले हातच गांव झाडावयास निघतात, ही शिकवण आपल्या दारापासून हांकेच्या अंतरावर आहे. धर्म निराळा असला, तरी चांगल्या शेजाऱ्याकडून शिकण्यांत कमीपणा नाहीं.

याहून जवळचा, म्हणजे आपल्या काळांतला दाखला विदर्भाच्या दुसऱ्या टोंकाला आहे. भामरागडच्या अरण्यांत हेमलकसा येथें बाबा आमटे यांनीं सन १९७३ च्या डिसेंबरांत लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, आणि डॉक्टर प्रकाश व डॉक्टर मंदाकिनी आमटे या दांपत्यानें माडिया गोंड लोकांच्या सेवेंत आपलें आयुष्य घातलें. शिकारीनंतर पोरकें झालेलें एक माकडाचें पिल्लूं त्यांनीं घरीं आणलें. पुढें गांवकरीच अशीं अनाथ पिल्लें आणून देऊं लागले, आणि पाहतां पाहतां बिबटे, अस्वलें, हरणें, साळिंदरें यांचें अनाथालय उभें राहिलें. एका बाजूस रुग्णालय, दुसऱ्या बाजूस शाळा, आणि तिसऱ्या बाजूस जनावरांचा हा गोतावळा, अशा ठिकाणीं त्यांचीं मुलें वाढलीं. सन २००८ मध्यें या पतिपत्नींस रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जनावरांची माया व माणसांची सेवा या परस्परांच्या वैरिणी आहेत असें ज्यांस वाटतें, त्यांनीं हेमलकशाकडे पहावें. तेथें दोन्ही एकाच अंगणांत नांदल्या.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोलणें आमचें कर्तव्य आहे. हेमलकशाचें उदाहरण ऐकून कोणी रानांतलें पाखरूं घरीं आणूं नये. आपल्यांतल्या कित्येक घरांत हौसेनें पोपट पाळलेला दिसतो. तो गोड बोलतो, मुलांना त्याचा लळा लागतो, हें खरें. परंतु आपल्या झाडांवरचा हिरवा राघू हा वन्य पक्षी आहे. सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें त्यास पकडणें, विकणें व पिंजऱ्यांत ठेवणें हा गुन्हा आहे. कायद्याची गोष्ट क्षणभर बाजूस ठेवूं. ज्याला देवानें पंख दिले, त्याच्यावर प्रेम करून आपण त्याला हातभर जागेंत कोंडलें, तर त्या प्रेमाचा लाभ कोणाला झाला? ज्युबिली हें बंदिवानांच्या सुटकेचें वर्ष आहे. मात्र पिंजऱ्यांतच वाढलेला पोपट एकाएकीं उडवून देऊं नये, कारण त्याला चारा शोधण्याची व शत्रूपासून वांचण्याची संवय राहिलेली नसते. त्यास वनखात्याच्या स्वाधीन करावें, हाच योग्य मार्ग होय. लहान मुलांच्या डोळ्यांत पाणी येईल, हें आम्ही जाणतों. परंतु ज्याच्यावर प्रेम आहे त्याच्यासाठीं त्याला सोडावें लागतें, हा धडा बालपणींच शिकलेला बरा.

कुत्र्याची गोष्ट निराळी. तो माणसाचा हजारों वर्षांचा सोबती आहे, आणि त्याला माणसाचीच वस्ती प्रिय. पण त्याच्याविषयींची आपली जबाबदारी अन्न घालण्यानें संपत नाहीं. पिल्लूं गोजिरवाणें असतां घरीं आणावें आणि मोठें झाल्यावर रस्त्यावर सोडावें, हा निष्ठुरपणा आहे. आणि त्याचें फळ सारें गांव भोगतें. भटक्या कुत्र्यांचा प्रश्न सन २०२५ मध्यें सर्वोच्च न्यायालयापुढें येऊन देशभर त्याची चर्चा झाली. जलसंत्रास म्हणजे रेबीज हा रोग एकदां अंगांत प्रकट झाला म्हणजे त्यांतून माणूस वांचणें जवळजवळ अशक्य. परंतु वेळीं उपाय केला तर तो टळतो. ज्यांनीं हा उपाय शोधिला, ते लुई पाश्चर. सन १८८५ च्या जुलै महिन्यांत त्यांनीं पिसाळलेल्या कुत्र्यानें चावलेल्या जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास लस टोंचली आणि तो मुलगा वांचला. कुत्रा चावल्यास जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी आणि ताबडतोब सरकारी दवाखाना गांठावा. चुना, तिखट, अंगाराधुपारा यांत घटका घालवूं नये. आपल्या कुत्र्याला दरवर्षीं लस टोंचून घेणें ही निव्वळ त्याची काळजी नसून शेजाऱ्याच्या मुलाची काळजी आहे.

मायेलाही मर्यादा असावी, हें पवित्र सभेनें सांगून ठेवलें आहे. सन १९९२ मध्यें प्रसिद्ध झालेल्या कॅथॉलिक पवित्र सभेच्या धर्मशिक्षणग्रंथांत याविषयीं जो विचार आहे, त्याचा सारांश असा: प्राणी ही देवाची निर्मिति असल्यामुळें त्यांच्याशीं दयेनें वागावें, त्यांस विनाकारण यातना देणें माणसाच्या प्रतिष्ठेस शोभत नाहीं, परंतु माणसाच्या दुःखनिवारणासाठीं जो पैसा आधीं खर्च व्हावा तो त्यांच्यावर उधळूं नये, आणि माणसालाच योग्य असलेलें प्रेम त्यांस देऊं नये. पुढें सन २०१५ मध्यें पोप फ्रान्सिस यांनीं आपल्या विश्वपत्रांत पृथ्वीची हांक व गरिबांची हांक या एकच हांक असल्याचें प्रतिपादन केलें. दोन्ही वचनें एकत्र घ्यावीं. गरिबाला विसरून केलेली भूतदया अपुरी, आणि मुक्या जिवाला लाथ मारून केलेला परोपकारही अपुराच.

आतां घरच्या छंदांकडे वळूं. छंद म्हणजे रिकामपणचा उद्योग, अशी समजूत आहे. ती बरोबर नाहीं. ज्या कामाला कोणी आपणांस भाग पाडीत नाहीं, त्यांतच आपलें खरें मन दिसतें. आज एकाच छपराखालीं पांच माणसें बसतात, आणि पांचांच्या हातांत पांच मोबाइल असतात. प्रत्येकाला आपापली करमणूक मिळते. परंतु घर म्हणून कोणी कांहीं करीत नाहीं. म्हणून ज्याला दोन पिढ्यांचे हात लागतात असा एक तरी छंद प्रत्येक कुटुंबानें धरावा, अशी आमची विनंती आहे. परसबाग घ्या. आजीला वेलाचा हंगाम ठाऊक, बापाच्या हातीं कुदळ, मुलांच्या हातीं पाण्याची झारी. भजनें घ्या. कोणी पेटी धरील, कोणी तबला, कोणी टाळ. किंवा पक्षी ओळखण्याचा छंद घ्या. त्यास डोळे, कान आणि एक वही एवढेंच लागतें. प्रख्यात पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली हे मुंबईस लहानाचे मोठे झाले. बालपणीं छऱ्याच्या बंदुकीनें मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर त्यांस पिवळा डाग दिसला. ही कोणती चिमणी, हें विचारावयास ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटींत गेले, आणि त्या एका प्रश्नांतून त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली. ज्या मुलानें चिमणी मारली, त्यानेंच पुढें पक्षी वांचविण्यासाठीं देशाला जागें केलें. मुलांच्या छंदाला नांवें ठेवण्यापूर्वीं आईबापांनीं हें ध्यानांत ठेवावें.

आपल्या ख्रिस्ती घरांचा तर एक फार जुना कौटुंबिक छंद आहे. सन १२२३ च्या नाताळांत संत फ्रान्सिस यांनीं इटलींतील ग्रेच्चो गांवीं गव्हाणी मांडली आणि तिच्यापाशीं जिवंत बैल व गाढव उभे केले. तेव्हांपासून गोठा मांडण्याची चाल घरोघर पसरली. आज बाजारांत तयार गोठा मिळतो, म्हणून तो विकत आणून कोनाड्यांत ठेवण्याचा मोह होतो. तसें करूं नये. माती कालवावी, कडबा आणावा, मुलांनीं बैल घडवावा. त्याचें शिंग वांकडें झालें तरी चालेल. ज्या देवानें गोठ्यांत जन्म घेतला, त्याला जनावरांचा श्वास प्रथम लागला, हें सांगावयास आजोबांना त्यासारखी दुसरी वेळ मिळावयाची नाहीं.

पण छंदही घरांतच राहिला तर खुंटतो. परसबागेंत दुधी भोपळे उतरले, तर एक शेजारी जावा. घरीं बसलेलें भजन एखाद्या अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याच्या उशाशीं म्हटलें जावें. येथूनच स्वयंसेवेला आरंभ होतो. सन १८३३ मध्यें पॅरिस येथें फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें व त्याच्या सोबत्यांनीं संत विन्सेंट दे पॉल यांच्या नांवें जी संस्था काढली, तिचा आरंभ असाच लहान होता. तुमचा धर्म आज गरिबांसाठीं काय करतो, असा टोमणा त्यांना ऐकावा लागला होता. त्यांनीं उत्तरादाखल व्याख्यान दिलें नाहीं. ते गरिबांच्या घरीं जाऊं लागले. दान पाठवूं नये, आपण स्वतः जावें, बसावें, ऐकावें, हा त्या संस्थेचा रिवाज आजतागायत चालू आहे.

आपल्या या भागांत असें जाऊन बसण्याची किती गरज आहे, हें आम्हीं काय सांगावें! येथील बरीचशी शेती पावसावर अवलंबून. कपाशीला भाव नाहीं, सोयाबीनला पाऊस नाहीं किंवा नको तेव्हां आहे, आणि कर्ज मात्र दर हंगामाला वाढतें. या ओझ्याखालीं विदर्भांतल्या कित्येक शेतकऱ्यांनीं आपला जीव दिला आणि मागें विधवा, म्हातारे आईबाप व कोठ्यांतलें जनावर ठेवून ते गेले. वैरी माणसाचें गाढव ओझ्याखालीं पडलें तरी थांबावें, असें देवाचें शास्त्र सांगतें. मग आपल्या आळींतला माणूसच ओझ्याखालीं वांकत असतां आपण वाट वांकडी करून कसें जावें? माणूस बोलत नाहीं, घरांतून बाहेर पडत नाहीं, जनावराला चारा टाकण्यांतही त्याचें मन नाहीं, हीं लक्षणें शेजाऱ्यालाच प्रथम दिसतात. अशा वेळीं उपदेश नको. त्याच्या बैलाला पाणी पाजावें आणि त्याच्याजवळ घटकाभर बसावें. दुसरे असे आहेत कीं, ज्यांचीं मुलें पुण्यामुंबईस नोकरीला गेलीं, आणि ज्यांच्या घरांत दिवसभर मांजराशिवाय कोणी बोलावयास नाहीं. त्यांना आपला पैसा नको आहे. त्यांना आपला रविवारचा एक तास हवा आहे.

म्हणून या ज्युबिलीची आठवण केवळ मंडप व पताका यांत न राहतां आपल्या आचरणांत रहावी, यासाठीं आम्ही चार साधे संकल्प सुचवितों. पहिला, वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत, जेव्हां पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, तेव्हां प्रत्येक घराबाहेर जनावरांसाठीं पाण्याचें एक भांडें व पाखरांसाठीं एक परळ असावा, आणि तो भरण्याचें काम घरांतल्या सर्वांत लहान मुलाकडे असावें. दुसरा, दरवर्षीं ४ ऑक्टोबर या संत फ्रान्सिस यांच्या सणाच्या सुमारास जनावरांना आशीर्वाद देण्याचा विधि व्हावा, आणि त्याच दिवशीं पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साह्यानें कुत्र्यांना लस टोंचण्याची सोय करावी. त्यांत कोणत्याही धर्माच्या शेजाऱ्याला मज्जाव नसावा. तिसरा, आठवड्यांतील एक संध्याकाळ मोबाइल बाजूस ठेवून घरच्या छंदाला द्यावी. चौथा, महिन्यांतून एकदां प्रत्येक कुटुंबानें, मुलांसह, एका आजारी, एकाकी किंवा दुःखी घरीं जावें. जातां येतां कुत्रा मागें लागला, तर त्याला हांकलूं नये. तोबियाबरोबरही तो होताच.

या चारांपैकीं एकही गोष्ट वर्तमानपत्रांत छापून येण्याजोगी नाहीं. कोणी हंसेलही. तोबीताला शेजारी हंसले होते. परंतु ज्या दिवशीं तो पंगतीवरून उठला, त्या दिवसाची नोंद देवाघरीं राहिली, आणि पुढें खुद्द राफाएल दूतानें त्याला ती सांगितली. शेवटीं माशाच्या पित्तानें त्याचे डोळे उघडले, आणि जिच्यावर त्यानें संशय घेतला होता त्या हन्नेला व परत आलेल्या मुलाला त्यानें पुन्हां पाहिलें. आपल्याही डोळ्यांवर संवयीचा जो पडदा आला आहे, तो प्रभूनें दूर करावा. मग उंबऱ्यावरचें मुकें जनावर, घरांतलें थकलेलें माणूस आणि दारापलीकडचा शेजारी हे तिघेही आपणांस एकाच दृष्टीनें दिसतील.

 देवमातेच्या विनंतीनें परमेश्वर या धर्मग्रामांतील प्रत्येक घरावर, घरांतील लहानथोरांवर आणि त्यांच्या आसऱ्यानें राहणाऱ्या प्रत्येक जिवावर आपला आशीर्वाद ठेवो, एवढी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.